घरगुती वायफाय-जोडणीतील दोषस्थानाचा शोध

'वायफाय चालत नाही' ही तक्रार अलीकडे इतकी सर्वपरिचित झाली आहे, की तिच्या संदिग्धतेकडे कोणाचे लक्षच जात नाही. वास्तविक या तीन शब्दांनी निदान पाच भिन्न घटनांचा निर्देश होऊ शकतो. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधील रेडिओतरंगांचा दुवा तुटलेला असेल. तो दुवा शाबूत असून लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नसेल. पत्ता मिळूनही राउटरपासून बाहेर जाणारी वाट बंद असेल. ती वाट मोकळी असूनही संकेतस्थळाच्या नावाचे आकडेवजा पत्त्यात रूपांतर होत नसेल. किंवा हे सारे यथास्थित असता लॅपटॉपमधीलच एखादी जुनी मांडणी आड येत असेल. पाचही प्रसंगी दिसणारे फळ एकच : पान उघडत नाही. कार्य एक दिसले म्हणून कारणही एकच असावे, असे मानण्याचा मोह येथे फार होतो. तो आवरून दोषाचे नेमके स्थान कसे ठरवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यापीठाशी संबंधित वाचकांना या प्रश्नाची निकड सांगावयास नको. २०२० सालच्या टाळेबंदीत घरी आलेले काम पुन्हा सर्वस्वी विभागात परतलेले नाही. प्रबंधाची प्रत संकेतस्थळावर चढविण्याची शेवटची घटका असते, दूरस्थ मौखिक परीक्षेत परीक्षकाचा प्रश्न अर्धाच ऐकू येतो, आणि अशा वेळी माणूस हाती लागेल तो उपाय करू लागतो. त्यांपैकी सर्वांत घातक उपाय म्हणजे राउटरच्या पाठीवरील बारीक छिद्रात टाचणी खुपसून त्याला मूळ स्थितीत नेणे. पुष्कळ घरांत सेवा देणाऱ्या कंपनीने राउटरमध्ये ग्राहकाचे नाव व गुप्त शब्द भरून ठेवलेले असतात. टाचणीसरशी तेही पुसले जाण्याचा संभव असतो. मग जो दोष एका लॅपटॉपपुरता होता, तो साऱ्या घराचा होतो, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत इलाज राहत नाही. विंडोजमधील 'नेटवर्क रीसेट' हा उपायही त्याच जातीचा. त्याने साठविलेली सर्व वायफाय-नावे व गुप्त शब्द जातात, शिवाय विद्यापीठाच्या ग्रंथालयात दूरून शिरण्यासाठी बसविलेले व्हीपीएन पुन्हा बसवावे लागण्याची शक्यता असते. राउटरची वीज काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा देणे मात्र निरुपद्रवी आहे. तथापि, तेही करण्यापूर्वी पुढे सांगितलेली निरीक्षणे टिपून घ्यावीत. दोष तात्पुरता नाहीसा झाला की त्याचा पुरावाही नाहीसा होतो, आणि दोन दिवसांनी तो परतला म्हणजे शोध पहिल्यापासून करावा लागतो.

विवेचनासाठी एक नेहमीचे घर घेऊ. प्रकाशतंतूची जोडणी, दारालगतच्या भिंतीवर कंपनीने बसविलेले राउटरसहित यंत्र, आणि आतल्या खोलीत विंडोज १० वा ११ असलेला लॅपटॉप. मॅक आणि लिनक्स यांवर आज्ञांची नावे थोडी बदलतात; शोधाचा क्रम बदलत नाही.

पहिला प्रश्न असा, की दोष लॅपटॉपचा की घराचा? त्याचे उत्तर दुसऱ्या उपकरणाने, म्हणजे बहुधा मोबाइलने, मिळते. परंतु येथेच एक फसगत ठरलेली आहे. घरच्या वायफायमधून इंटरनेट येत नाहीसे झाले, की पुष्कळ मोबाइल निमूटपणे आपल्या सिमकार्डाच्या डेटावर जातात. वापरणारा म्हणतो, 'मोबाइलवर तर चालते आहे!' आणि निर्दोष लॅपटॉपची चिकित्सा सुरू होते. म्हणून मोबाइलचा डेटा बंद करून, तो लॅपटॉपच्याच जागी ठेवून मग पाहावे. मोबाइलही अडला, तर लॅपटॉप तूर्त बाजूला ठेवावा. राउटरवरील दिवे पाहावेत. 'एलओएस' या अक्षरांजवळ तांबडा दिवा असेल, तर प्रकाशतंतूतून येणारा प्रकाशच यंत्रापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तंतूला कोठे तीव्र बाक आला आहे काय किंवा जोड निसटला आहे काय, एवढे पाहून कंपनीला कळवावे. वीज गेली असता घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, पण इमारतीतील किंवा गल्लीतील कंपनीच्या यंत्राला वीज असतेच असे नाही, हेही ध्यानात असावे. आणि योजनेची मुदत संपली आहे काय, हे पाहण्यात कमीपणा मानू नये. तांत्रिक ज्ञान असलेली माणसे हे कारण सर्वांत शेवटी तपासतात.

आता मोबाइल चालतो व लॅपटॉप चालत नाही, असे धरू. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पुष्कळदा 'जोडलेले आहे, परंतु इंटरनेट नाही' अशा अर्थाचा संदेश असतो. हा निर्णय विंडोज कशावरून देते हे जाणणे उद्बोधक आहे. मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून विंडोज अगदी लहानशी मजकूर-फाइल मागविते, आणि अपेक्षित मजकूर आला नाही तर 'इंटरनेट नाही' असे ठरविते. म्हणजे हा संदेश एका विशिष्ट प्रयोगाचा निष्कर्ष होय, जगाशी संबंध तुटल्याचा निर्वाळा नव्हे. तो प्रसंगी चुकीचाही असतो. मात्र त्याच्या पूर्वार्धाला, म्हणजे 'जोडलेले आहे' याला, निश्चित अर्थ आहे. राउटरने गुप्त शब्द स्वीकारला असून हवेतील दुवा त्या क्षणी अस्तित्वात आहे, असे त्यावरून धरावयास हरकत नाही.

पुढची पायरी पत्त्याची. आज्ञापटलावर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली असता लॅपटॉपचा पत्ता आणि 'डीफॉल्ट गेटवे' म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. घरोघरी तो १९२.१६८ ने आरंभ होणारा असतो. त्याऐवजी लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर निदान जवळजवळ झालेच. राउटरकडे पत्ता मागूनही उत्तर न मिळाल्यामुळे लॅपटॉपने स्वतःच स्वतःला दिलेला तो पत्ता आहे. त्यावर राउटर-पलीकडचे काहीही दिसणार नाही. 'आयपीकॉन्फिग' या शब्दापुढे तिरकी रेघ देऊन 'रिलीज' आणि नंतर तसेच 'रिन्यू' लिहिल्याने पत्त्याची मागणी नव्याने होते. तेवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉपमधील त्या वायफाय-नावाची नोंद पुसून गुप्त शब्द पुन्हा द्यावा. तो शब्द ठाऊक असल्याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

पत्ता योग्य असल्यास 'पिंग' या आज्ञेकडे वळावे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेल्या या छोट्या प्रोग्रामाचे नाव पाणबुडीशोधक ध्वनियंत्राच्या आवाजावरून पडले आहे, आणि त्याचे कामही तसेच आहे : हाक घालावयाची व प्रतिध्वनीस लागलेला वेळ मोजावयाचा. प्रथम राउटरच्या पत्त्याला हाक घालावी, मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटर उत्तर देत नसेल, तर दोष बहुधा हवेत किंवा लॅपटॉपमध्ये आहे. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष बहुतकरून राउटरच्या पलीकडे आहे. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावांची सूची सांगणारी व्यवस्था, जिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली केली, तेवढीच नादुरुस्त आहे. अशा वेळी जोडणीच्या मांडणीत त्या व्यवस्थेचा पत्ता म्हणून ८.८.८.८ लिहिल्यास काम चालू होते. तीन हाकांनी संशयाचे क्षेत्र इतके आक्रसते. एवढे अल्प श्रमांत दुसऱ्या कोणत्याही उपायाने साधत नाही.

तिन्ही हाकांना उत्तर येऊनही पाने उघडत नाहीत, हा प्रकार आपल्या वाचकांच्या विशेष परिचयाचा असावा, कारण त्याचे मूळ पुष्कळदा विद्यापीठातच असते. अनेक विद्यापीठांत व वसतिगृहांत इंटरनेट 'प्रॉक्सी' नावाच्या मध्यस्थ संगणकामार्फत दिले जाते किंवा दिले जात असे, आणि त्याचा पत्ता लॅपटॉपमध्ये हाताने लिहावा लागतो. लॅपटॉप घरी येतो, पण ती नोंद तशीच राहते. मग ब्राउझर प्रत्येक पान त्या मध्यस्थाकडे मागतो, आणि घरून तो मध्यस्थ दिसतच नाही. पिंगची हाक प्रॉक्सीमार्फत जात नसल्याने ती मात्र बिनचूक परत येते. प्रयोगशाळेसाठी कायमचा लिहून ठेवलेला आकडेवजा पत्ताही असाच घरी उपद्रव देतो. विंडोजच्या मांडणीत प्रॉक्सी बंद करणे आणि पत्ता 'आपोआप मिळवावा' असे ठेवणे, ही दोन कामे मिनिटभराची आहेत. त्यांअभावी नवे राउटर विकत घेतले गेल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. याच गटात लॅपटॉपच्या घड्याळाचा दोष येतो. आतली लहान बॅटरी संपून तारीख काही वर्षे मागे गेली, तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अग्राह्य ठरतात, आणि जोडणी निर्दोष असूनही पाने नाकारली जातात.

येथवरचे दोष 'आहे' किंवा 'नाही' अशा स्वरूपाचे होते. खरी बिकट तक्रार निराळी असते : जोडणी असते, पण टिकत नाही, किंवा असून नसल्यासारखी असते. येथे भौतिकीकडे वळावे लागते.

घरगुती वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची पाच-सहा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस व वेग अधिक, परंतु भिंतींतून जाताना तो अधिक क्षीण होतो. सळयांचे काँक्रीट, जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, पोलादी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, ही सर्व या तरंगांची शत्रुस्थाने होत. प्रकाशतंतू दाराशी येतो म्हणून राउटर दाराशी, आणि अभ्यासाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, ही आपल्या सदनिकांतील रूढ मांडणी तरंगांच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल होय.

बळ मोजण्यास पडद्यावरील वक्ररेषांवर विसंबू नये. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही आज्ञा संकेताचे बळ टक्क्यांत देते. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये त्यासाठी स्थाननिश्चितीची परवानगी चालू असावी लागते. हे टक्के मात्र समजून घेतले पाहिजेत. मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येनुसार १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम आणि शून्य टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम, आणि मधले अंतर सरळ रेषेत वाटलेले. डेसिबेल हे लॉगरिदमी माप असल्यामुळे ५० टक्के, म्हणजे उणे ७५ डीबीएम, ही शक्ती शंभर टक्क्यांच्या निम्मी नसून सुमारे तीनशेव्या हिश्शाइतकी असते! दृश्य-संभाषणासाठी उणे ६७ च्या आसपासचे बळ असावे असा व्यवहारातील संकेत आहे. विंडोजच्या भाषेत ते सुमारे ६६ टक्के होतात. 'अर्धे तरी आहे' या समजुतीने ज्यांची मौखिक परीक्षा खंडित झाली, त्यांना या गणिताचे महत्त्व पटेल.

दुसरी गोष्ट अशी, की हा आकडा एकाच दिशेचा आहे. लॅपटॉपला राउटर किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच त्यावरून कळते. राउटरला लॅपटॉप कसा ऐकू येतो हे कळत नाही. लॅपटॉपचा प्रक्षेपक पुष्कळदा अधिक दुबळा असतो. परिणामी आकडा समाधानकारक असूनही पाठविलेला मजकूर मध्येच गळतो, पोच येत नाही, आणि तोच मजकूर पुनःपुन्हा, अधिकाधिक मंद गतीने पाठवावा लागतो. या मंदगतीचा भार त्या लॅपटॉपपुरता राहत नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ साली त्या वेळच्या मानकाबाबत दाखवून दिले, की सर्वांना पाळीपाळीने संधी देण्याच्या नियमामुळे एकच दूरचे, मंद उपकरण जवळच्या जलद उपकरणांचा वेगही आपल्या पातळीजवळ खाली ओढते. नंतरच्या राउटरांत यावर काही उपाय योजले गेले, तरी मूळ अडचण हवा सामाईक असण्यातच आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांनी उभारलेल्या अलोहा-जाळ्यापासून ती चालत आली आहे.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, आणि आज दाट वस्तीच्या इमारतीत एका खोलीतून वीस-पंचवीस राउटरांची नावे दिसणे नवलाचे नाही. या पट्ट्यातील तेरा वाहिन्या पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणून १, ६ व ११ या तीनच वाहिन्या परस्परांपासून अलिप्त राहतात. 'सहा नंबरवर गर्दी आहे, आपण चारवर जाऊ' हा विचार चतुर वाटला तरी अहितकारक आहे. एकाच वाहिनीवरील राउटर परस्परांचे बोलणे ओळखून थांबतात व पाळी घेतात. अर्धवट आच्छादणाऱ्या वाहिनीवरील शेजाऱ्याचे बोलणे मात्र केवळ गोंगाट ठरते. राउटरने स्वतः होऊन तेरावी वाहिनी निवडली, तर अमेरिकी नियमांनुसार बांधलेल्या काही लॅपटॉपांना त्याचे नावच दिसत नाही. मोबाइलला दिसते, लॅपटॉपला दिसत नाही, या कोड्याचे ते एक उत्तर आहे. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. इंटेलने २०१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे यूएसबी ३.० च्या तारा व उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उत्पन्न करतात. लॅपटॉपला बाहेरची हार्डडिस्क जोडताच वायफाय ढासळत असेल, तर डिस्क लांब तारेने दूर ठेवून पाहावी.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला निराळी खोड आहे. त्यातील मधल्या काही वाहिन्या हवामानखात्याच्या व इतर रडारांशी वाटून घ्याव्या लागतात. रडारसदृश संकेत जाणवताच राउटरला ती वाहिनी सोडावीच लागते, आणि तशाच दुसऱ्या वाहिनीवर बोलण्यापूर्वी निदान एक मिनिट केवळ ऐकावे लागते. सर्व उपकरणे एकदम तुटून मिनिटभराने परत येत असतील, तर राउटरमध्ये ३६ ते ४८ यांपैकी वाहिनी ठरवून द्यावी.

लॅपटॉपच्या अंगच्या दोषांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. झोपेतून उठविल्यावर वायफाय जागे होत नसेल, तर वीज वाचविण्यासाठी वायफाय-यंत्रणा बंद करण्याची मुभा तिच्या मांडणीतून काढून टाकावी. 'शट डाऊन' आणि 'रीस्टार्ट' या क्रिया समानार्थी नाहीत. २०१२ च्या विंडोज ८ पासून जलद आरंभाची सोय आल्यामुळे 'शट डाऊन' नंतरही प्रणालीच्या गाभ्याची जुनी स्थिती साठवून परत आणली जाते; खरा नवा आरंभ 'रीस्टार्ट'नेच होतो. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या सुरक्षाप्रकारावर ठेवलेला असल्यास काही जुने लॅपटॉप जोडलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ व ३ यांचा मिश्र पर्याय निवडावा. आणि बिजागरी किंवा पडदा दुरुस्त करून आणल्यापासून लॅपटॉप फक्त राउटरजवळच चालत असेल, तर अँटेनाच्या तारा तपासून घ्याव्यात. अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात व त्यांच्या केसासारख्या तारा बिजागरीतून जातात. अशा दोषावर ड्रायव्हर बदलून काहीही साध्य होणार नाही.

अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी एक प्रयोग सुचवितो. आज्ञापटलाच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला व दुसरीत ८.८.८.८ ला अखंड पिंग लावावे. त्यासाठी आज्ञेच्या शेवटी उणे-चिन्ह व 'टी' हे अक्षर जोडतात. दोन्ही शेजारी ठेवून नेहमीचे काम करीत राहावे. सुस्थितीत राउटरचे उत्तर काही मिलिसेकंदांत येते. संभाषण अडखळते त्या क्षणी दोन्ही खिडक्यांत काळ वाढला किंवा उत्तरे गळाली, तर दोष बहुधा घरातल्या हवेत आहे. कंपनीला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही. लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन, किंवा शक्य तर तारेने जोडून, तोच प्रयोग पुन्हा करावा. राउटरचे उत्तर स्थिर राहून फक्त बाहेरचे बिघडले, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे, किंवा घरातील कोणी मोठी फाइल वर चढवीत असल्यामुळे राउटरमध्ये रांग साठली आहे. हा दुसरा प्रकार वेगमापनाच्या संकेतस्थळांवर सहसा उघड होत नाही. ती फाइल थांबविताच उत्तरे पूर्ववत झाली, म्हणजे तो ओळखावा. याच्या जोडीला, प्रशासकाच्या अधिकाराने 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा दिल्यास मागील तीन दिवसांत वायफाय केव्हा व कोणत्या कारणाने तुटले, याचा सविस्तर अहवाल विंडोज स्वतःच तयार करते.

दोष पलीकडचा ठरला, तर कंपनीला कळविताना 'नेट चालत नाही' असे न सांगता पुढील गोष्टी सांगाव्यात : दोषाची तारीख व वेळ, त्या वेळी राउटरवरील कोणते दिवे कोणत्या रंगाचे होते, तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले व ८.८.८.८ च्या शंभर हाकांपैकी किती गळाल्या. तक्रार घेणारा प्रथम राउटर बंद-चालू करावयास सांगेल. तसे करावे, परंतु त्यापूर्वी दोन्ही खिडक्यांचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे.